ऋणातच राहू इच्छितो

आमच्याकडे कार्यक्रम संपताना
कुणीतरी माइकपाशी येऊन म्हणतो,
'आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही,
त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो.'
टाळ्या पडतात. सतरंज्या गुंडाळल्या जातात.
हे वाक्य खरं मानून
मी सत्तावन्न वर्षं काढली.

डंडीत आल्यावर थँक्यू शिकलो.
बसमधून उतरताना ड्रायव्हरला,
दार धरून उभा राहणाऱ्याला, बिल करणाऱ्या पोरीला,
एकदा तर पैसे गिळून बसलेल्या तिकिटाच्या मशीनलाही.
सगळी चिल्लर. खिशात खुळखुळणारी.
मोठी नोट कधी मोडलीच नाही.

आयला रॅमझी माझ्या शेजारी बसायची
हॉस्पिटलच्या तळघरात, रक्ताच्या नळ्यांपाशी,
अकरा वर्षं.
नळीत रक्त कमी आलं
तर 'अपुरं' असं लिहून परत पाठवता येतं.
ती आधी वॉर्डला फोन लावायची,
कुठली तपासणी सगळ्यात निकडीची ते विचारायची,
आणि आहे त्या थेंबात ती बसवायची.
'कुणाला तरी सुई टोचून आणलंय हे,' म्हणायची.
एवढंच, आणि पुढची नळी.
मी मनात म्हणायचो, बाई सोन्याची आहे.
मनातच.

मार्चमध्ये ती निवृत्त झाली.
कार्ड सगळीकडून फिरून माझ्याकडे आलं
तेव्हा कोपऱ्यात जागा उरली होती नखाएवढी.
मी लिहिलं, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.
खरं सांगायचं तर
जागा जास्त असती तरी तेच लिहिलं असतं.

केक कापून झाल्यावर
ती एकेकापाशी जाऊन काहीतरी सांगत होती.
माझ्यापाशी आली. म्हणाली, 'विश,
(विश्राम तिला कधी पेलला नाही)
तू सेंट्रीफ्यूजचं झाकण आपटत नाहीस.
हाताने धरून लावतोस, शेवटपर्यंत.
माझं डोकं दुखायचं त्या वर्षी
मला ते दर वेळी कळायचं.'

कुणी ऐकतंय हे मला कुठे माहीत होतं.
मुळात झाकण मी हळू लावतो
हेच मला माहीत नव्हतं.
मी म्हणालो, थँक्यू.
ड्रायव्हरला म्हणतो तेवढंच.

बाहेर टे नदीवरून वारा कापत येत होता.
बसमध्ये मी उजवा हात डाव्या हातात धरून बसलो,
जणू कुणीतरी तो नुकताच मला परत केला होता.
उतरायचा थांबा एक पुढे गेला.

कालिंदी कोबी चिरत होती.
बूट न काढताच म्हणालो,
'आपण एकतीस वर्षं भांडतोय.
पण तू एकदाही माझ्या आईला मध्ये आणलं नाहीस.
आणायला जागा होती.'

तिने गॅस बारीक केला.
माझ्याकडे नीट पाहिलं.
'स्वतःचं रक्त तपासून घेतलंस का?
काही आलंय का त्यात?'
नाही, म्हटलं.
'मग बूट काढ आधी.'

जेवणं झाली. बातम्या लागल्या.
मी टेबलाशी बसून आयलाला पत्र लिहायला घेतलं.
जपणं, याला इंग्रजी शब्द मिळेना.
दोन-तीन लिहून खोडले.
शेवटी देवनागरीतच लिहिला, मोठ्या अक्षरात,
आणि खाली त्या थेंबांबद्दल सगळं लिहिलं,
दीड पान झालं.

दिवा मालवला.
हीटरच्या नळ्या गार होताना
टिकटिकत होत्या.
मला वाटलं, कालिंदीला झोप लागली.
पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे,
रजईच्या आतून
तिने विचारलं,
'आणखी काही होतं का?'